करदात्यांच्या पैशातून सगळ्यांना मोफत इंटरनेट द्यावं का? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत माझं नेट कॅफे आहे, २००४ पासूनचं. कॅफे म्हणायचं ते आता सवयीनं. तासाला पंधरा रुपये देऊन बसणारी पोरं केव्हाच गेली, उरलं ते अर्ज भरणं, दाखले काढणं आणि झेरॉक्स. निवडणूक जवळ आली की कुठल्या तरी बोर्डावर ‘मोफत वायफाय’ झळकतं आणि माझ्या व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येऊ लागतात. रोज वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. जिथं उत्तर दुसरीकडे दिलंय, तिथं त्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नेट खरंच सगळ्यांना फुकट झालं तर माझ्या धंद्यावर थोडा परिणाम होईल. तेवढं गृहीत धरून वाचा.

१. ‘मोफत सार्वजनिक इंटरनेट’ म्हणजे नेमकं काय हो? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

कारण त्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली म्हणजे ठरावीक जागी वायफाय: बसस्थानक, वाचनालय, दवाखाना, बाग. दुसरी म्हणजे गरीब कुटुंबाच्या घरात सरकारी खर्चानं जोडणी. तिसरी म्हणजे गरीब-श्रीमंत न बघता सरसकट प्रत्येकाला नेट. तिन्हींचा खर्च वेगळा, उपयोग वेगळा आणि फसण्याची तऱ्हाही वेगळी. पहिलीचा खर्च सांगून तिसरीचं आश्वासन कोणी देत असेल तर तिथंच थांबवा.

२. मोफत म्हणजे पैसे शेवटी कोण भरतं?

तुम्हीच. महापालिकेनं दिलं तर घरफाळ्यातून, राज्यानं किंवा केंद्रानं दिलं तर बाकीच्या करांतून.

पण एक उलटी बाजूही आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. मोबाईल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे. २९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये सुमारे ४५ रुपये ६० पैसे कर असतो. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज होतात. म्हणजे एका नंबरमागं वर्षाला ५९० रुपयांच्या वर कर. हा कर गंगावेशीत भाजी विकणारी बाईही भरते आणि ताराबाई पार्कातले डॉक्टरही. शिवाय टेलिकॉम कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के एका सरकारी निधीत जातात. दुर्गम भागात सेवा पोहोचवण्यासाठीच तो काढला आहे. पूर्वी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपनी तो पैसा काही स्वतःच्या खिशातून देत नाही.

त्यामुळं ‘आम्ही करदाते आणि ते फुकटे’ ही वाटणी मुळातच चुकीची आहे. रिचार्ज मारणारा प्रत्येक जण करदाता आहे.

३. आत्ता कोल्हापुरात फुकट नेट कुठं मिळतं?

खात्रीची जागा रेल्वे स्टेशन. श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर रेलटेलचं, म्हणजे रेल्वेच्याच कंपनीचं, वायफाय आहे. नंबर टाका, ओटीपी घ्या, पहिली ३० मिनिटं फुकट. त्यापुढं पैसे भरावे लागतात, पण ते किरकोळ. दुकानांतून मिळणारं पीएम-वाणीचं वायफाय स्वस्त असतं, फुकट असेलच असं नाही (प्रश्न १२ पाहा).

४. तुमचं स्वतःचं मत काय? फिरवून सांगू नका.

सरसकट फुकट नेटला माझा विरोध. बसायला जागा, लाईट, प्रिंटर आणि मदतीला माणूस असलेल्या खोलीतलं फुकट नेट मात्र करातून द्यायलाच हवं, आणि ते प्रत्येक प्रभागात हवं.

कारण साधं आहे. सरकारनं स्वतःच्या खिडक्या बंद करून सगळं ऑनलाइन नेलं. शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन. पिकाची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर, तीही शेतकऱ्यानं स्वतः करायची. लाडकी बहीणची ई-केवायसी आली तेव्हा बाईच्या आधारचा ओटीपी तर हवाच, वर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. कचेरीत जायला रस्ता सरकार बांधतं ना? मग कचेरीच फोनमध्ये नेली असेल तर तिथं जायचा रस्ताही सरकारनंच द्यायचा. रील बघायला मात्र ज्याचा त्यानं रिचार्ज मारावा.

५. पण दादा, नेट तर आता स्वस्त आहे. झोपडीतसुद्धा रील चालू असतात. मग गरज कुणाला?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि अर्धा बरोबरही आहे. २०२५ च्या सुरुवातीला झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ८६.३ टक्के घरांत इंटरनेट असल्याचं आढळलं. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तरी लोकांनी नेट सोडलं नाही.

पण घरात नेट ‘असणं’ म्हणजे काय, ते माझ्या काउंटरवरून वेगळं दिसतं. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला भुदरगडकडचा एक पोरगा आला होता. पहिलं वर्ष, कॉट बेसिसवर राहणारा. अर्ज भरून झाला, कागद चढले, आणि शेवटी ओटीपी. आधारला नंबर वडिलांचा. वडील उसाला पाणी पाजायला रानात, कारण मोटारीची लाईट त्या आठवड्यात दुपारची होती. रानात रेंज नाही. पोरानं शेजारच्या चुलत्याला फोन लावला, चुलता सायकल घेऊन रानात गेला. “आबांना म्हणावं टेकाडावर या, मेसेज आलाय काय बघा.” आबा टेकाडावर आले, तोवर ओटीपीची दहा मिनिटं संपली. पुन्हा पाठवला. आबांना मेसेज उघडता येईना. तिसऱ्या वेळी चुलत्यानं आकडे वाचले, तर पोर्टलनं आम्हालाच बाहेर काढलं. पाचव्या ओटीपीला काम झालं, सव्वासहा वाजता. तोवर तो पोरगा माझ्या काउंटरच्या कडेला नखानं रेघा ओढत उभा होता. त्या रेघा अजून आहेत.

त्या घरात स्मार्टफोन होता, रिचार्ज होता. पाहणीत ते ‘इंटरनेट असलेलं घर’ म्हणूनच मोजलं जाईल. त्याला दीड जीबी आणखी फुकट देऊन काय झालं असतं?

आणि एक. चार माणसांत एक फोन, आणि तो फोन सकाळी कामावर जाणाऱ्याच्या खिशात. पोरं संध्याकाळी सातनंतर अभ्यासाला बसतात तेव्हा त्याची बॅटरी १२ टक्के. ही तक्रार मी जितक्या मुलींकडून ऐकली तितकी मुलांकडून नाही.

६. सगळ्या शहराला घरोघरी फुकट द्यायचं ठरवलं तर किती खर्च येईल?

पाटीवर मांडू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख. घरटी साडेचार माणसं धरली तर १ लाख २२ हजार कुटुंबं. साध्या फायबर जोडणीला महिना ४०० रुपये धरू, जीएसटी धरून ४७२. महिन्याला पावणेसहा कोटी, वर्षाला ६९ कोटींच्या आसपास. दरवर्षी. घाऊक भावात घासाघीस करून निम्म्यावर आणलं तरी ३५ कोटी.

आता दुसरी बाजू. २०१५ च्या निवडणुकीत शहरात ८१ प्रभाग होते, तोच आकडा घेऊ. प्रत्येक प्रभागात एक खोली. चांगल्या जोडणीला महिना १,५०० आणि खोली सांभाळणाऱ्या माणसाला १५,००० रुपये. वर्षाला सगळं मिळून १ कोटी ६० लाख. संगणक, प्रिंटर, इन्व्हर्टर, टेबलं यांना खोलीमागं ३ लाख धरले तर एकदाच २ कोटी ४३ लाख.

दर माझे, अंदाजानं धरलेले. तुम्ही तुमचे धरून बघा, फरक फार बदलणार नाही. दरवर्षीचा खर्च बघितला तर पहिला हिशेब दुसऱ्याच्या सुमारे चाळीसपट पडतो.

बघितलंत तर दुसऱ्या हिशेबात नेटचा खर्च सगळ्यात कमी आहे, माणसाचा जास्त. टेंडर काढणाऱ्यांना नेमकं हेच आवडत नाही. राउटर खरेदी करता येतो, फोटो काढता येतो. माणसाला दर महिन्याला पगार द्यावा लागतो.

७. रस्त्यात खड्डे, नळाला पाणी नाही, आणि तुम्हाला वायफाय सुचतंय?

काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचं पाणी शहरात यायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. त्या पाण्याची वाट बघत ज्याच्या आयुष्याची तीस वर्षं गेली, तो असं म्हणणारच. मला राग नाही.

पण खड्डा बुजवायला लागणारी रक्कम आणि प्रश्न ६ मधली दुसरी रक्कम शेजारी ठेवून बघा. ६९ कोटींची योजना असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. दीड कोटीच्या योजनेवर पाईपलाईन अडत नाही. शिवाय पाणी येत नसल्याची तक्रार करायलाही आता ॲप आहे, ही गंमत वेगळीच.

८. शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण मोफत केलं. मग आज इंटरनेट मोफत करायला काय हरकत?

कोल्हापुरात कुठल्याही वादात महाराजांचं नाव आलं की समोरचा गप्प बसतो, म्हणून हा प्रश्न सगळेच पक्ष वापरतात. थोडं नीट बघू.

महाराजांनी नुसतं मोफत केलं नाही, सक्तीचंही केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड. म्हणजे संस्थानानं आधी काय शिकवायचं ते ठरवलं, शाळा काढली, मास्तर नेमला आणि मग म्हटलं, आता या, पैसे लागणार नाहीत. त्याआधी १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली होती. कारण फी माफ केली तरी खेड्यातल्या पोराला शहरात झोपायला जागा नसेल तर फी-माफीचा उपयोग नाही, हे त्यांना दिसत होतं.

मला तर त्यातून बोर्डिंगच दिसतं. पाटी-पेन्सिल घरोघर वाटण्यापेक्षा बसायची, राहायची जागा. आजच्या भाषेत ती प्रभागातली खोली. तेव्हा महाराजांचा दाखला द्यायचा असेल तर पूर्ण द्या.

९. इंटरनेट हा मूलभूत हक्क आहे ना? मग सरकारला द्यावंच लागेल.

हक्क आणि फुकट यांत फरक आहे. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की इंटरनेटवरून बोलण्याच्या आणि धंदा करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचं संरक्षण आहे. नेट पुरवणं हेच सरकारचं कर्तव्य, असं त्यात नाही. त्याआधी २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं वसतिगृहातल्या मोबाईलबंदीच्या प्रकरणात इंटरनेटचा संबंध शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काशी जोडला. सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल आणखी पुढं गेला. ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना आणि दृष्टिहीनांना डिजिटल केवायसी करता येत नव्हती. डोळे मिचकावा म्हणणाऱ्या ॲपपुढं त्यांनी काय करायचं? तिथं न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

फिनलंडनं २०१० मध्ये १ एमबीपीएस जोडणी हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क केला, पण तिथंही लोक बिल भरतात. हक्क होता तो जोडणी मिळण्याचा, परवडेल अशा दरात.

१०. केरळनं केलं, मग महाराष्ट्रानं का नाही?

केरळचं के-फोन जून २०२३ मध्ये सुरू झालं. उद्दिष्ट २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी. पण पहिल्या टप्प्यात घेतली किती, तर १४,०००. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात शंभर. हे मी नावं ठेवायला सांगत नाही. तारा टाकणं सोपं, घराघरात जाऊन यादी तपासून जोडणी देणं अवघड, एवढंच त्यातून दिसतं. त्या प्रकल्पाची जास्त शहाणी बाजू म्हणजे त्यांनी सरकारी कचेऱ्या, शाळा, दवाखाने जोडायला घेतले आणि बाकीच्या घरांना पैसे घेऊन जोडणी द्यायचं ठरवलं.

११. मागं इतक्या ठिकाणी वायफाय लावलं होतं, त्याचं काय झालं?

जे आपल्या गल्लीतल्या हायमास्ट दिव्याचं होतं, तेच.

गुगलनं रेलटेलबरोबर २०१६ मध्ये स्टेशनांवर मोफत वायफाय सुरू केलं, चारशेहून जास्त स्टेशनांपर्यंत नेलं आणि २०२० मध्ये आवरतं घेतलं. कारण उघड दिलं: मोबाईल डेटा स्वस्त झाला, आता गरज तितकी उरली नाही. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं होतं. केंद्राच्या २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं लक्ष्य होतं, पण २०२५ मध्येही पीएम-वाणीचे हॉटस्पॉट काही लाखांतच होते.

युरोपीय संघानं वेगळा मार्ग घेतला. गावच्या नगरपालिकेला यंत्रांसाठी १५,००० युरो द्यायचे, पण अट अशी की नेटचं बिल पुढची तीन वर्षं नगरपालिकेनं भरायचं. ती अट मला फार आवडते. आपल्याकडं उद्घाटनाचा खर्च मंजूर होतो, तेराव्या महिन्याचं बिल कोणाच्याच डोक्यावर नसतं.

आमच्या घराजवळच्या एका बागेतल्या खांबावर असाच एक डबा आहे. कोणी बसवला ते लिहीत नाही. पहिले काही महिने पोरं तिथं रात्री अकरापर्यंत बसायची. मग तो बंद पडला. आता त्यात चिमणीनं घरटं केलंय आणि केबलचा तुकडा वाऱ्यानं खांबावर टकटक करत असतो.

१२. पीएम-वाणी काय आहे? मी दुकानात लावू शकतो का?

हो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं मंजूर केलेली ही पद्धत. तुम्ही फायबरची जोडणी घ्यायची, ठरावीक जातीचा राउटर लावायचा आणि गिऱ्हाईकाला लहान लहान कूपनं विकायची. परवाना लागत नाही, नोंदणी फी नाही. चहाची टपरीसुद्धा चालते.

अडचण होती ती जोडणीच्या दरात. कंपन्या दुकानदाराला महागडी व्यावसायिक लाईन घ्यायला लावायच्या. मी २०२२ मध्ये चौकशी केली तर एका कंपनीच्या माणसानं असा आकडा सांगितला, की तो वसूल करायला मला रोज दीडशे कूपनं विकावी लागली असती. चहाच पाजला त्याला. जून २०२५ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, बंधन घातलं: २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. आता गणित जमण्यासारखं आहे. यात करदात्याचा पैसा जवळजवळ नाही, म्हणून मी याला पाठिंबा देतो. पण हे मोफत नव्हे.

१३. खाजगी कंपनीला द्या की. ती जाहिराती दाखवेल, लोकांना फुकट मिळेल, पालिकेला खर्च नाही.

कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. ‘पालिकेला खर्च नाही’ म्हणत शहरातले रस्ते खाजगीकरणातून झाले, मग नाक्यांवर टोल आला, मग सगळं शहर रस्त्यावर उतरलं. टोल रद्द व्हायला डिसेंबर २०१५ उजाडलं आणि कंपनीची भरपाई शेवटी सरकारी तिजोरीतूनच झाली. म्हणजे करदात्यानं.

वायफायमध्ये टोलनाका दिसत नाही, एवढाच फरक. पैसे घेतले जातात ते तुमच्या नंबरच्या, तुमच्या फिरण्याच्या रूपात. दुसरा धोका म्हणजे ‘फुकट’ नेट अख्खं नसतंच. फेसबुकचं फ्री बेसिक्स आठवतंय का? ठरावीक साइट फुकट, बाकी जग पैसे देऊन. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं मजकूर बघून वेगवेगळा दर लावायला बंदी घातली आणि तो प्रकार इथं थांबला.

कंपनीला ठेका देऊ नये असं नाही. पण कुठला डेटा घेणार, किती दिवस ठेवणार आणि ठेका मोडला तर यंत्रं कोणाची, हे करारात मराठीतून लिहिलेलं पाहिजे.

१४. आमच्या गावात टॉवरच नाही. शहरातल्या वायफायचा आम्हाला काय उपयोग?

काहीच नाही, आणि करातला पहिला रुपया तुमच्याकडं जायला हवा असं माझं मत आहे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या डोंगरी भागांत कंपनीला टॉवर परवडत नाही. डोंगर आडवा येतो, वस्ती तुरळक, गिऱ्हाईक कमी. जिथं बाजार जात नाही तिथं जायला प्रश्न २ मधला निधी आहे.

त्याच निधीतून भारतनेट चालतं. २०११ मध्ये मंजूर, देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं. ते रखडत रखडत गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात देखभालीला वेगळं महत्त्व आहे, कारण ग्रामपंचायतीत तार पोहोचली तरी कपाट कुलूपबंद आणि आतलं यंत्र बंद, ही गोष्ट बऱ्याच गावांनी बघितली होती.

तुमच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: फायबर आलंय का, आणि आलं असेल तर शेवटचं चालू कधी होतं?

१५. महापुरात फुकट वायफाय उपयोगी पडेल का?

जसं लावतात तसं लावलं तर नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. अशा वेळी आधी लाईट जाते. टॉवर बॅटरीवर काही तास निघतात, मग डिझेल. रस्ते पाण्याखाली असले की डिझेल घेऊन जाणार कोण? २०१९ ला उपसा केंद्रं बुडाल्यानं गावभर पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशी गत होती. नेटचं तेच होतं.

म्हणून खोली पूररेषेच्या बाहेर, इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर, आणि जमलं तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन तारा दोन वेगळ्या रस्त्यांनी आणलेल्या. निवारा केंद्रं म्हणून ज्या शाळा ठरलेल्या असतात, तिथं ही सोय आधी करावी. पुरात लोकांना पहिल्यांदा हवं असतं ते फोन चार्जिंग. नेट नंतर.

१६. आणि सरकारनंच नेट बंद केलं तर?

जून २०२३ मध्ये शहरात तणाव झाला तेव्हा नेट बंद केलं होतं. त्या दिवशी माझ्याकडं माणसं आली ती कार्ड चालत नाही, पेमेंट होत नाही, अर्जाची मुदत संपतेय म्हणून. पालिकेचं वायफाय असतं तर तेही आदेशाखालीच आलं असतं. करातून चाललेलं नेट सरकारला बंद करणं जास्त सोपं, हा आक्षेप खरा आहे. माझ्याकडं त्यावर तोड नाही. फक्त एवढं म्हणेन, की बंदीच्या दिवसांत संपणाऱ्या सरकारी मुदती आपोआप वाढाव्यात, असा नियम तरी हवा.

१७. पोरं तिथं बसून नको ते बघतील.

खोलीत माणूस बसलेला असतो आणि पडदे सगळ्यांना दिसतात. वीस वर्षं कॅफे चालवलं, सगळ्यात चांगला फिल्टर म्हणजे खुर्चीची पाठ भिंतीला न लावणं.

१८. सार्वजनिक वायफायवर बँकेचा व्यवहार करावा का?

टाळा. स्वतःचा डेटा वापरा. दुसऱ्याच्या संगणकावर पासवर्ड साठवू नका, काम झाल्यावर लॉगआउट करा, उतरवलेली आधारची प्रत काढून टाका आणि संगणकातली कचरापेटीही (रिसायकल बिन) रिकामी करा. माझ्या दुकानातसुद्धा.

लॉगिनला नंबर आणि ओटीपी मागतात तो मात्र फसवणुकीचा प्रकार नव्हे, वापरणाऱ्याची ओळख ठेवणं पुरवणाऱ्याला बंधनकारक आहे. आडनाव, जन्मतारीख, आवडीनिवडी मागायला लागले की उठा.

१९. फक्त गरिबांनाच द्या ना. बंगल्यातल्यांना कशाला?

घरपोच जोडणीचं म्हणत असाल तर यादी लागते, आणि यादी म्हटली की तुम्हाला माहीत आहे काय होतं. पिवळं रेशनकार्ड असलेल्या काहींच्या दारात चारचाकी, आणि खरं गरज असलेलं भाड्यानं राहणारं कुटुंब पत्ता बदलला म्हणून यादीबाहेर. दाखला काढायला परत ऑनलाइन अर्ज. नेट मिळवण्यासाठी नेट पाहिजे.

जागेवरच्या सोयीला यादी लागत नाही. महापालिकेच्या दवाखान्याच्या दारात उत्पन्नाचा दाखला विचारत नाहीत, तरी बंगल्यातले तिथं रांगेला येत नाहीत. खोलीचंही तसंच होईल. आणि आलाच एखादा बंगलेवाला, तर येऊ दे की. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. तिथं कोण मोटारीतून आला आणि कोण चालत आला, यानं पुस्तकं कमी पडली नाहीत.

२०. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या परगावच्या लोकांना आमच्या घरफाळ्यातून का नेट द्यायचं?

देऊ नका. नवरात्रात भवानी मंडपापासून महाद्वार रोडपर्यंत माणसाला माणूस चिकटलेला असतो. तेवढ्या गर्दीला पेलणारं वायफाय उभं करणं फार महाग, आणि वर्षातले बाकी दिवस ते रिकामं. तिथं हवी ती मोबाईलची तात्पुरती वाढीव क्षमता, आणि ती कंपन्यांकडून घ्यावी. पर्यटनाच्या निधीतून करायचं असेल तर वेगळी गोष्ट.

२१. खोल्या आणणार कुठून? जागेचं भाडं धरलंच नाही तुम्ही.

बरोबर पकडलंत. महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी पाचनंतर रिकामे असतात. अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. राज्यात १९६७ पासून त्यांच्यासाठी कायदा आहे, पण बऱ्याच ठिकाणी संगणक कापडाखाली झाकलेला असतो. शिवाय पेठापेठांतल्या तालमींचे हॉल. हे शेवटचं सुचवलं की लोक हसतात. पण शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत पोरगं रात्री उशिरापर्यंत कुठं बसलेलं आईला चालतं, तर तालमीत. पोरींसाठी मात्र तालीम चालणार नाही, त्यांना शाळेचा वर्गच हवा. वेळ रात्री आठपर्यंतच, आणि गेटवर दिवा.

२२. आमच्या भागात ‘मोफत वायफाय झोन’ करतो म्हणून एक जण सह्या घेतोय. सही करू का?

करा, पण आधी त्याला चार गोष्टी विचारा. बिल कोणाच्या नावावर येणार? बंद पडलं तर फोन कोणाला करायचा, आणि तो माणूस या गावातला आहे का? लाईट गेल्यावर किती वेळ चालणार? प्रिंट कुठं काढायची?

पहिल्या तिन्हींची उत्तरं तो पटापट देईल, पाठ केलेली असतात. चौथ्याला तो तुमच्याकडं बघेल आणि म्हणेल, “प्रिंट? कोपऱ्यावर नेट कॅफे आहे की.”